साक्ष चालू असताना टँकर आला

माझ्या धाकट्या भावानं परदेशात आसरा मागितला होता. मी पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहे, घरी परत गेलो तर माझ्या जिवाला धोका आहे, मला इथंच राहू द्या, असा त्याचा अर्ज. देशाचं नाव मी लिहिणार नाही, तिथं त्याला अजून राहायचंय. अर्जावर सुनावणी लागली आणि घरचे साक्षीदार म्हणून बाबा आणि मी गारखेड्याच्या घरातून व्हिडिओवर बोलणार होतो. तिकडच्या साहेबाला पटलं तर तो तिथं राहणार. नाही पटलं तर विमानात बसवून परत धाडणार, म्हणजे आमच्या मोठ्या काकांच्या तावडीत. इतकी सरळ गोष्ट. पण आमच्या घरात सरळ गोष्ट सरळ पार पडेल तर शपथ.

घर बाबांनी आणि काकांनी मिळून बांधलेलं. गारखेड्यात तेव्हा ज्वारीची वावरं मोडून प्लॉट पाडत होते आणि जो तो प्लॉटबद्दलच बोलत होता. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. खाली आम्ही, वर काका. काका बाबांचे थोरले भाऊ, पिढीजात भिक्षुकी करणारे. मला आठवतं, मी लहान असताना ते सायकलवरून सत्यनारायण सांगायला जायचे आणि केळी घेऊन यायचे. मग शहर सुटलं. रोज कुठंतरी भूमिपूजन, रोज वास्तुशांत, नव्या दुकानाचं उद्घाटन. बिल्डर न्यायला गाड्या पाठवायला लागले आणि काकांचा आवाज चढला. आई गेल्यावर तर घरात कुठली भाजी आणायची हेसुद्धा बाबा वर जाऊन विचारून यायचे.

मी लग्न होऊन जवळच, पुंडलिकनगरात राहते. गणिताच्या शिकवण्या घेते. आवाज मोठा, राग नाकावर. काका सगळ्यांना सांगायचे, ही बापावर नाही गेली, माझ्यावर गेलीय. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्यात तथ्य होतं. भाऊ मात्र बाबांसारखा. वाळूजच्या कंपनीत इंजिनियर होता, पण घरात शिरला की चप्पलसुद्धा आवाज न करता काढायचा.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. नळ आठवड्यानं यायचा, तोही मनात आलं तर. बोअर आटली होती. अख्खी गल्ली टँकरच्या हॉर्नकडं कान लावून बसलेली. टँकर आला की ड्रायव्हर खालूनच ओरडायचा, "चलो, पाइप पकडो, मेरेकू आगे जाना है!" आणि जो उशीर करील त्याचं पाणी शेजाऱ्याच्या हौदात जायचं. आमच्या घरी पाइप धरायचा तो भाऊ. हौद भरला की तो काकांच्या सोवळ्याच्या पाण्याचं पिंप भरायचा. काकांचं देवाचं आणि पिण्याचं पाणी वेगळं, वर देवघराशेजारी. आधी आंघोळ करायची, ओल्या पंच्यानं बादल्या वर न्यायच्या, कुणाला शिवायचं नाही. काका त्याचं कौतुक करायचे. म्हणायचे, माझ्या पोरांना जे जमलं नाही ते हा करतो. काकांची पोरं पुण्याला होती आणि फोनसुद्धा उचलत नव्हती.

परभणीचं एक स्थळ आलं तेव्हा भाऊ बाबांसमोर बसला. मी तिथंच होते, गहू चाळत. तो म्हणाला, "बाबा, मला लग्न करायचं नाही. मला मुलींबद्दल तसं कधी वाटलंच नाही. माझा एक मित्र आहे, मला त्याच्यासोबत राहायचंय." मित्र म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याखालच्या गावातला, धनगराच्या घरचा, त्याच्याच कंपनीत कंत्राटावर काम करणारा. मला तो माहीत होता. दुष्काळात त्यांनी शेरडं विकली तेव्हा दिवसभर माझ्या ओट्यावर येऊन गप्प बसला होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला, "बरं" म्हणाले आणि उठून जिना चढून वर दादाकडं, म्हणजे काकांकडं गेले. दादाला विचारल्याशिवाय या माणसानं कधी रजेचा अर्ज टाकला नाही, तर हे पोटात कसं ठेवणार! त्यांना वाटलं असेल, दादा काहीतरी मार्ग काढील.

दादानं काढला. वरून पिंप घसटत आणल्याचा आवाज आला, मग गच्चीच्या पन्हाळीतून पाणी रस्त्यावर पडायला लागलं. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. सकाळीच भावानं भरलेलं ते पाणी. काका जिन्यात येऊन म्हणाले, "त्याच्या हातचं पाणी माझ्या देवाला चालणार नाही."

आता आमच्या घरानं दुसऱ्यांच्या हातचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं होतं. त्याचा आम्हाला कधी सलसुद्धा बोचला नव्हता, उलट मोठेपणाच वाटायचा. या वेळी ते आमच्याच पोराच्या वाट्याला आलं म्हणून मला कळलं की पाणी ओतून देताना माणूस नेमकं काय सांगत असतो.

भाऊ जन्मात पहिल्यांदा उलटून बोलला. तोही हळूच. "काका, हौदही मीच भरलाय. मग तोही उपसून टाका."

हौद कोण उपसतो? भर उन्हाळ्यात, टँकर परत कधी येईल याचा नेम नसताना? काकांनी नंतर हौदात तुळशीचं पान टाकून ते सगळं पाणी शुद्ध करून घेतलं, आणि महिनाभर प्यायले. पण ते नंतर. कोपऱ्यात टँकरचा जाड पाइप गुंडाळून ठेवला होता, टोकाला लोखंडी जोड असलेला. तो त्यांनी उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा डाव्या कानावर. तिसरा मी मधे पडले म्हणून माझ्या दंडावर आला. भाऊ ओरडलासुद्धा नाही. कानातून रक्त येतंय हे त्याच्या शर्टावर दिसलं तेव्हा त्याला कळलं. बाबा काय करत होते? बाबा "दादा, दादा" म्हणत होते, हात जोडून, भिंतीला पाठ लावून.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? बाबा म्हणाले, "जिन्यावरून पडला." मी म्हणाले, "बाबा!" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, तसा भाऊ म्हणाला, "ताई, असू दे." कागदावर जिना लागला. डावा कान गेला तो गेलाच.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. दौलताबादकडच्या गावात त्यांचे भिक्षुकीतले यजमान होते, त्यांच्या कानावर घातलं. मित्राच्या घरच्यांनी त्याला रातोरात गुजरातेत कुठल्यातरी कारखान्यात धाडलं, फोन बंद. भावानं पुढच्या शिक्षणाचं निमित्त काढलं आणि देश सोडला. काकांनी त्याला निरोपसुद्धा दिला नाही, पण तो गेल्यावर घरभर गोमूत्र शिंपडलं. शिक्षण संपलं, व्हिसा संपत आला, तेव्हा त्यानं तो अर्ज केला.

तिकडून पुरावे मागितले. पुरावे! आमच्यासारख्या घरात पुरावा ठेवतात का कुणी? सगळी हुशारी तर पुसून टाकण्यात असते. दवाखान्याच्या कागदावर जिना. पोलिसात तक्रार नाही. त्या मित्राबरोबरचा एकुलता एक फोटो, किल्ल्याच्या दरवाज्यासमोर खांद्यावर हात टाकून काढलेला. तिकडच्या साहेबानं म्हणे विचारलं, यात प्रेम कुठं दिसतं? बरोबर आहे त्याचं. इथं मेव्हणे-मेव्हणेसुद्धा तसेच उभे राहतात. राहता राहिलो आम्ही दोघं, बाबा आणि मी. वकीलबाईनं फोन करून विचारलं, वडील खरं सांगतील का? मी म्हणाले, विचारते.

"बाबा, दवाखान्यात जे बोललात ते सोडा. खरं काय झालं, एवढंच सांगायचं."

"हो हो. खरं तेच सांगणार. मी काय खोटं बोलणार का शपथेवर?"

"आणि तो परत आला तर काका काय करतील तेही सांगायचं."

"तू काळजी करू नको. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली. अशा कितीतरी चौकशा पाहिल्या मी."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण त्यांना बाजूला ठेवता येत नव्हतं. वडील का बोलत नाहीत, असं साहेबानं विचारलंच असतं.

सुनावणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. बाहेर रस्ता तापून पांढरा पडलेला; टँकरचे उन्हाळे संपले नव्हते, फक्त पाइप आता बाबा धरायचे. समोरच्या खोलीत मी लॅपटॉप लावून दिला. पडद्यावर चौकोन होते. एकात साहेब, एकात वकीलबाई, एकात दुभाषी बाई, मराठी शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखी. आणि एकात माझा भाऊ. टाय लावलेला, वाळलेला. मला त्याच्याकडं बघून हात हलवावासा वाटला, पण साहेबानं सांगितलं, एका साक्षीदारानं दुसऱ्याचं ऐकायचं नाही, तुम्ही बाहेर जा. मी स्वयंपाकघरात गेले.

ऐकायचं नाही म्हणे! बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात, आणि लॅपटॉपचा आवाजही पार चढवलेला. गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल. दुभाषी बाईला त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही. आयुष्यभर ज्या इंग्रजीत खात्याचे मसुदे लिहिले त्याच इंग्रजीत सुरू झाले. सदर इसम माझा धाकटा मुलगा आहे. त्यास मी जन्मापासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास कोणतंही व्यसन नाही. त्याच्यावर जो आरोप ठेवण्यात आला आहे तो पूर्णपणे निराधार असून, तसला कोणताही प्रकार आमच्या घराण्यात नाही.

 अरे देवा! या माणसाला वाटत होतं की पोराची खात्यामार्फत चौकशी लागलीय. तो 'तसला' आहे असा कुणीतरी आरोप केलाय, आणि बापानं येऊन चांगल्या वर्तणुकीची हमी दिली की प्रकरण मिटेल. मी शंभरदा सांगितलं होतं, बाबा, त्याच्यावर केस नाही, त्यानंच मागणी केलीय. ते मान हलवायचे. पण सुनावणी म्हटली की त्यांना एकच सुनावणी ठाऊक, जिच्यात आपला माणूस निर्दोष सुटायचा असतो.

साहेबानं शांतपणे विचारलं, मग तो परत आला तर तुमच्याकडं राहू शकेल?

"अवश्य!" बाबा म्हणाले. "घर त्याचंच आहे. त्याची खोली मी झाडून ठेवली आहे."

खोली खरंच झाडून ठेवली होती. रोज झाडायचे, गादीवर चादर घालायचे. म्हणून तर त्यांचा आवाज इतका खरा वाटत होता.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान. घाम पुसत मला म्हणाले, "झालं. सगळे मुद्दे खोडून काढले. जा आता तू, फार बोलू नको."

 त्यांना काय बोलणार? वेळही नव्हता. मी आत जाऊन बसले. भावाच्या चौकोनात बघितलं तर तो खाली बघत होता. बापानं त्याला जगासमोर चांगलं म्हटलं होतं आणि त्याच चांगुलपणात त्याचा गळा आवळला होता. वकीलबाईचा चेहराही उतरलेला.

मी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. इंग्रजी येतं मला, पण राग मराठीत येतो. मी पिंपाचं सांगितलं. दुभाषी बाईनं भाषांतर केलं. साहेबानं चष्म्यावरून बघितलं.

"तुमच्या काकांनी पाणी फेकून दिलं?"

"हो."

"ते पाणी कुणाच्या मालकीचं होतं?"

"काकांच्याच देवाचं."

"म्हणजे त्यांनी स्वतःचं पाणी फेकलं."

काय सांगणार होते मी या माणसाला? त्याच्या मागच्या खिडकीवर पाऊस पडत होता, मला दिसत होता. बारीक, कंटाळवाणा, फुकटचा पाऊस. मी म्हणाले, "साहेब, आमच्याकडं त्या दिवसांत लोक भांड्यांचं धुवण झाडाला घालत होते. बाया पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. तशा दिवसांत भरलेलं पिंप काकांनी रस्त्यावर ओतलं, कारण त्याला माझ्या भावाचा हात लागला होता. याचा अर्थ असा की तुला आम्ही माणसांतून काढलं."

त्यानं लिहून घेतलं. मग म्हणाला, "आणि मारहाण? रुग्णालयाच्या कागदावर जिन्यावरून पडल्याचं लिहिलंय. तुमच्या वडिलांनी आत्ताच सांगितलं की घरात त्याला कोणताही धोका नाही. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा?"

मी तोंड उघडलं आणि रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

"पाइप पकडो! जल्दी! मेरेकू आगे जाना है!"

घरात कुणी हललं नाही. बाबा स्वयंपाकघरात दार लावून बसले होते, साहेबाची आज्ञा म्हणून. पुन्हा हॉर्न. मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि काका ओरडत खाली आले, "मेले का सगळे? टँकर चाललाय पुढं! पाइप कोण धरणार?" समोरच्या खोलीचं दार ढकलून आत आले. उघडे, धोतर खोचलेलं, हातात तोच पाइप. लॅपटॉप दिसला, भाऊ दिसला, आणि ते जागच्या जागी थांबले.

साहेब म्हणाला, हे कोण?

"माझे मोठे काका."

"ते काय म्हणताहेत?"

दुभाषी बाईनं सांगितलं, पाण्याचा टँकर आलाय असं म्हणताहेत.  वकीलबाई काहीतरी भराभर बोलली. मग साहेब म्हणाला, त्यांची तयारी असेल तर त्यांना एक प्रश्न विचारा. पुतण्या परत आला तर तो या घरात राहू शकेल का?

मी काकांकडं वळले. मला एक शब्दही जास्तीचा घालावा लागला नाही. "काका, हे साहेब विचारताहेत, तो परत आला तर इथं राहील का?"

"इथं?" काका म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड सुटलं. "या उंबऱ्यावर पाय तर ठेवू दे त्याला! लई लाड झाले. ते हिजडं आमच्या कुळात जन्मलं हेच पाप. त्याच्या नावानं आंघोळ केलीय मी, कळलं का? मागच्या वेळी कानावर निभावलं. या वेळी डोकं फोडीन, आणि गंगेत घोडं न्हालं म्हणून पेढे वाटीन. विचार त्याला, विसरला का हा पाइप!" आणि त्यांनी पाइपाचा तो लोखंडी जोड लॅपटॉपसमोर धरला, पार भावाच्या तोंडापाशी.

आणि पडद्यावरचा माझा भाऊ मागं सरला. सातासमुद्रापलीकडं, टाय लावून बसलेला माणूस. खुर्चीसकट मागं सरला आणि त्याचा हात डाव्या कानावर गेला. साहेबानं ते पाहिलं.

दुभाषी बाई बिचारी. तिची शाळेतली मराठी अशी कधी वापरलीच गेली नसणार. एकेक शब्द चाचरत सांगत होती. 'त्याच्या नावानं आंघोळ' तिनं सरळ सांगितलं तर साहेबाला काही उमजेना, मग मीच म्हणाले, आमच्याकडं माणूस मेल्यावर अशी आंघोळ करतात. तोवर काका बाहेर जाऊन ड्रायव्हरवर ओरडत होते. आम्ही बोलत राहिलो आणि मागं हौदात पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी पाइप काकांनी स्वतः धरला.

पुढं काही आठवड्यांनी निकाल आला. भावाला राहू देणार होते. फोनवर तो रडत होता आणि मी पुंडलिकनगरच्या भर चौकात, भाजीच्या गाड्यासमोर, "शाब्बास, शाब्बास" असं ओरडत होते. मग रिक्षा करून बाबांकडं गेले.

बाबांनी देवापुढं साखर ठेवली. मग म्हणाले, "सुटला ना निर्दोष? मी म्हटलंच होतं. आता दिवाळीला येईल का?"

"बाबा, तो येऊ शकत नाही. आता कधीच नाही. इथं पाऊल टाकलं तर ते म्हणतील, मग भीती कसली होती? त्याचं तिथलं राहणं धोक्यात येईल."

त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी साखरेची वाटी देवापुढून उचलली. मग विचारलं, "मग माझ्या साक्षीचं काय केलं त्यांनी?"

मला दया यायला हवी होती. नाही आली. "तुमची साक्ष खोटी धरली, बाबा. निकालात लिहिलंय, वडिलांच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. काकांच्या ठेवता येतो."

आयुष्यभर या माणसानं लिहिलेल्या वर्तणुकीच्या दाखल्यांवर लोकांना नोकऱ्या लागल्या होत्या, पोरांना प्रवेश मिळाले होते. वर्तणूक चांगली, असं त्यांनी लिहिलं की ती चांगली धरली जायची. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

माझं मात्र पोट भरलं नव्हतं. येताना पेढे आणले होते. बॉक्स घेऊन वर गेले. काका झोपाळ्यावर बसले होते. मी बॉक्स पुढं केला.

"कशाचे गं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना वाटीन म्हणून? घ्या. तुमच्या साक्षीवर त्याला आसरा मिळाला. साहेबाला तुमचं बोलणं शंभर टक्के खरं वाटलं."

काकांनी पेढा घेतला नाही. असले ओशाळलेले काका मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "काय बोलतेस! अगं, बोलायची एक रीत असते आपली. रागात माणूस काहीही बोलतं. मी काय खरंच मारणार होतो का त्याला? माझ्या मांडीवर खेळलेलं पोर ते. मी कधी बोट तरी लावलंय का त्याला?"

माझं डोकं असं भडकलं की बॉक्स त्यांच्या अंगावर भिरकावणार होते. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. बाबा जिना चढून अर्ध्यात आले होते. कठड्याला धरून उभे. धाप लागलेली.

"दादा," ते म्हणाले, "तो जिन्यावरून पडला नव्हता."

 बाबांनी परत तेच म्हटलं, तितक्याच मोठ्यानं, जसं बहिरी माणसं बोलतात तसं. "तो या जिन्यावरून पडला नव्हता. तू मारलंस त्याला. मी बघत होतो." मग ते वळले आणि एकेक पायरी करत खाली गेले.

मला त्याचं कौतुक वाटलं असं कुणी समजू नये. हे वाक्य डॉक्टरसमोर बोलायचं होतं. ते जमलं नाही तर साहेबासमोर बोलायचं होतं. काकांपुढं बोलून आता कुणाचा कान परत येणार होता? मी पेढ्याचा बॉक्स तिथंच जमिनीवर ठेवला आणि गच्चीत जाऊन भावाला फोन लावला. पोटातली आग त्याच्यापाशीच ओकायची मला सवय. सगळं भडाभडा सांगितलं, पेढे, झोपाळा, काका, आणि शेवटी बाबा काय म्हणाले ते.

पलीकडं काही आवाज येईना. मला वाटलं फोन कटला.

"ऐकतोयस ना?"

"थांब ताई," तो म्हणाला. "फोन डाव्या कानाला होता, गडबडीत. उजव्याला लावतो." थोडी खरखर झाली. "हं. बाबा काय म्हणाले ते आता परत सांग."